फुटाला दहा

संकेश्वरच्या स्टँडसमोर, वरच्या मजल्यावर,
मॅनेजर दानाप्पा दोन किल्ल्या घेऊन उभे.
"नऊशेची दोड्ड रूम बगा की बाई.
पाचशेची ल्हान हाय, पण सोय हाय."

सोय हा शब्द मी बावीस वर्षं ऐकतेय,
अथणीत, चिकोडीत, हुक्केरीच्या यात्री निवासात.
सोय म्हणजे बहुधा एक बादली.

शिवणवर्ग घेत फिरणाऱ्या बाईच्या गळ्यात
मंगळसूत्र नसलं तरी चालतं,
टेप लागतो.
तो साठ इंचांवर संपतो.
पुढचं अंगठा धरून मोजायचं,
अंगठा उचलायचा, पुन्हा धरायचा.

मोठी खोली बारा बाय चौदा.
ऐकायला लग्नाचा हॉल.
आत तीन खाटा, रेशनच्या रांगेत खेटून उभ्या बायांसारख्या,
कपाटाचं दार खाटेला थडकून वीतभरच उघडतं,
आणि खिडकी उघडली की थेट जनरेटर.
उरल्या जागेत मी एक ब्लाउजपीस पसरून पाहिला.
पाठ बसली, पुढचे भाग बसले,
बाह्या खाटेखाली गेल्या.

लहान खोली नऊ बाय दहा.
नव्वदातून खाट वजा, पंचवीस.
टेबल आणि माझी बॅग मिळून नऊ.
दार उघडतं तेव्हा सहा फूट खातं, तेही वजा,
कारण दार उघडावं लागतंच.
राहिले पन्नास.
पाचशे भागिले पन्नास.
फुटाला दहा रुपये.
साधं अस्तरसुद्धा या भावात येत नाही आता.

"इतकं कशाला मोजता?" दानाप्पा म्हणाले,
"झोपायचं तर हाय."
झोपायचं नाही हो. उद्या सकाळी चाळीस बाया येणार,
त्यांच्यासाठी रात्री फरशीवर बसून
कागदी कटिंग करायचंय.
मी झोपते ती खाटेच्या कडेला, उरले तर दोन तास.

बाजारात मिरची उतरलेली.
वाऱ्याची दिशा फिरली की सगळा लॉज एकदम शिंकतो,
तीन नंबर, पाच नंबर, मग खाली काउंटर.
भिंती इतक्या पातळ
की आपली शिंक कुठली ते क्षणभर कळत नाही.
याचे पैसे कमी करा म्हटलं.
दानाप्पा हसले, पन्नास कमी केले नाहीत,
एक जास्तीची उशी पाठवली.

उशी घेऊन बसगोंडा आला.
वय सोळा सांगतो. सदऱ्याचे खांदे दंडावर उतरलेले,
कुणा मोठ्या माणसाचा असणार.
टेपकडे बघून म्हणाला, "एष्टु?"
मला वाटलं, खोलीचं विचारतोय. म्हटलं, नव्वद.
त्यानं मान हलवली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

माप द्यायला तो जिन्याखाली उभा राहिला,
कारण काउंटर सोडायचं नाही.
तिथं चटई, एक डबा, खिळ्याला टॉवेल.
गिऱ्हाइकानं वरून हाक मारली, तो धावला.
टेप हातातच होता.
चटईच्या या टोकापासून भिंतीपर्यंत सोडला.
दिवसभरात पहिल्यांदाच
अंगठा धरावा लागला नाही.
अठ्ठावन्नला भिंत आली.

तो परत आला. उंची घेतली, पासष्ट.
मी चटईकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे.
मग गुडघे पोटाशी घेऊन आडवा होऊन दाखवला,
"साकु," म्हणाला.
पुरे.
गिऱ्हाईक पटवायला शेट म्हणतात तसा नाही,
जेवताना वाढप्याला हात आडवा करून म्हणतात तसा.

वर येऊन दिवा लावला. पडदा बघितला.
पहाटे ऊन डोळ्यावर येणार हे कळलं.
वही उघडली, पुढच्या खेपेसाठी लिहिलं:

लॉज, स्टँडसमोर. खोली चार. मोकळी जागा पन्नास फूट.
फुटाला दहा. घ्यावी.
पडदा चार इंच आखूड.
बसगोंडा: छाती बत्तीस, खांदा साडेपंधरा, बाही तेवीस.
अंग वाढतंय.
शिवणीत दीड इंच आत सोडणे.