अवजड

कॉटन मार्केटच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर,
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून अल्फिया यंत्र सुरू करते.
मे महिना. खाली संत्र्याच्या रिकाम्या पेट्या उन्हात तडकतात.
ती पान ठेवते, उजेड सरकतो, पान उचलते.
मी पडद्यासमोर तांबड्या रेघा पुसत बसतो.

मला याच कामाला ठेवलंय, तासाला ऐंशी रुपये:
यंत्राला जे वाचता येत नाही ते वाचायचं.
पहिल्या दिवशी तिला सांगितलं नाही
की यातली बावीस वर्षं माझ्या बोटांनी जुळवलीत,
उलटी, आरशातली, एकेक खिळा उचलून.
मालमोटारवाल्यांचं मासिक, 'अवजड',
दर महिन्याच्या सात तारखेला.
एक पान साडेसहा किलो.
मी भाषा किलोने उचलली आहे.

आज एकाहत्तर साल उघडलं.
जानेवारीत नागपूर-रायपूर, टनामागे भाडं.
फेब्रुवारीत बनावट ब्रेक-ऑइल कसं ओळखावं.
मार्चपासून मात्र जिथे तिथे 'ळ'च्या जागी 'ल'.
'काल बदलला, मालक बदलले नाहीत,' असा अग्रलेख.
अल्फिया हसते.
यंत्र रेघ ओढत नाही,
'काल' त्याला बरोबरच वाटतो.

मग सांगावं लागलं.
'ळ' झिजले होते, नव्यांना घाटोळेजींकडे पैसे नव्हते.
सात महिने आम्ही 'ळ'शिवाय काढले.
भंडाऱ्याच्या एका मिस्तरीने कार्ड टाकलं,
'इंजिनाच्या तळाशी साचणारा गाल' हा लेख वाचला,
गाल कोणाचा ते लिहिलं नाही.
ऑक्टोबरात घाटोळेजींनी सायकल विकली.
म्हणाले, मुखपृष्ठावर 'दिवाली' छापलं
तर लोक म्हणतील, हिंदीत गेलो.
हा बघ, अल्फिया, हा पहिला नवा 'ळ',
किती काळाभोर, किती पोट सुटलेला.

तिला मजा वाटते. ती पान ठेवते, उजेड सरकतो.

तीनच्या सुमाराला ऐंशी साल. 'रस्त्यावरून' हे सदर.
ड्रायव्हर लिहायचे, आम्ही छापायचो.
गेंदलाल मसराम, देवलापारहून:
'गाडीचा आस तुटला. तीन दिवस झाले.
मालकाचा माणूस आला नाही.
मागे बिस्किटं भरली आहेत,
ती आमची नाहीत.'

इथे रेघ.
'तुटला' की 'तुटली', यंत्र विचारतं.
शेवटच्या अक्षरावर शाई फुटली आहे,
काना म्हणा, वेलांटी म्हणा, नुसता डाग.
अल्फिया म्हणते, काका, सोपं आहे, गाडीचा म्हणजे तुटला.
हो, सोपं आहे.
पण कार्ड पेन्सिलीचं होतं, आणि त्यावर 'ली' होतं.
घाटोळेजींनी लाल शिसाने 'ला' केलं,
गाडीचा आस पुल्लिंगी, म्हणाले, नीट बघून जुळवा.
मी नीट बघूनच जुळवलं.
मग रात्री, फर्मा मशीनवर चढण्याआधी,
माझा चिमटा जरा घसरला.

हे तिला सांगत नाही.
म्हणतो, त्या शब्दाचं चित्रच राहू दे.
ती खांदे उडवते, ठेवते.
पुढच्या अंकात मसरामचं काही नाही.
त्या जागी टायर रिमोल्डिंगची जाहिरात,
मीच जुळवलेली, चौकटीसकट.

सहाला ती यंत्र झाकते.
आजवरचं सगळं यात आलं, म्हणते,
आणि नखाएवढं काहीतरी माझ्या हातावर ठेवते.
मी सवयीने पाय रोवले, कंबर सावरली,
आणि हात
उगाच वर गेला.