शनिवारबंद दवाखाना

चौकट खरवडायला घेतली.
वर आकाशी, सोनोग्राफीवाल्यांचा.
खाली पिस्ता. त्याखाली तो दवाखान्याचाच हिरवा,
जो दिसला की अजून दंडात सुई शिरते.

उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर,
बोटाएवढं काहीतरी, तिरपं,
दर पेंटरनं वरूनच ब्रश फिरवलेलं.
पोऱ्या म्हणाला, उस्ताद, जुनी कडी दिसते, उपटू?
राहू दे.
चौलकर डॉक्टरीणबाई तिथं बोटं टेकवून ओठांना लावायच्या.
मग आईही लावायला लागली,
कुणाचा का असेना, दारात उभा तर आहे.

शनिवारी पाटी उलटी : बंद.
मोरीकडचं मागचं दार उघडं.
त्या दिवशी बाई पेन धरत नसत, पैशाला शिवत नसत.
नाडी बघत.
भद्रकालीत ही गोष्ट पसरायला कितीसा वेळ?
विड्या वळणाऱ्या बायांचा खोकला
शुक्रवारभर दम धरायचा.

बाईंच्या वडिलांच्या काळात, लढाई चालू असताना,
एक गोरा डॉक्टर राहून गेला म्हणतात.
त्याच्या शहरात त्यांच्याच लोकांचा दवाखाना होता, दोनशे खाटांचा,
एका सकाळी दाराला सील.
मराठी त्याला एवढंच यायचं : आ कर.
रात्री उठून तो मागचं दार चाचपायचा,
कुणी चुकून कडी लावली नाही ना.

एकोणसत्तरला दुतोंड्या मारुती बुडाला,
रजिस्टरं माळ्यावर होती, वाचली.
ती मी पाहिलीत. पेन्शनसाठी जन्माचा पुरावा हवा होता.
आई सांगायची, पानशेत फुटलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी.
पान उलटलं :
शुक्रवार, चौदा जुलै, चार नावं.
रविवार, सोळा जुलै, सात.
मधे एक ओळही कोरी सोडलेली नाही.

सूर्य मावळल्यावर लिहिता आलं असतं.
नाही लिहिलं.
लिहिलं असतं तर बिल झालं असतं.

पुढे बाई इस्रायलला गेल्या. किल्ली कंपाउंडर पगारेंकडे,
मग त्यांच्या जावयाकडे, मग बिल्डरकडे.

तिरप्या वस्तूभोवती पॉलिशपेपर हलका मारला.
आत लाकूड नाही, पितळ निघालं,
नखाएवढंच. तिथंच थांबलो.
पोऱ्या टेप धरून उभा :
उस्ताद, माप किती लिहू?
म्हटलं, हे वगळून लिही.