हुडक

साकीनाक्याला, खोके बनवणाऱ्या कारखान्याच्या डोक्यावर
आमचा तिसरा मजला.
खाली खळ शिजते, वर सर्व्हर तापतात.
सगळ्यांत मिळून एक पेडेस्टल पंखा,
तोही दुपारनंतर सर्व्हरचा.
विमान खिडकीवरून इतकं खालून जातं
की बोलणारा वाक्य धरून ठेवतो
आणि मग सोडतो.

मी इथली सगळ्यात म्हातारी.
माझगावचं वाचनालय बंद पडलं
तेव्हा सव्वीस वर्षांची कार्डं पोत्यात भरून घरी आणली होती.
डाबरे म्हणाला, ताई, तुम्ही शोधूनच देत होतात ना,
तेच करायचं. फक्त जागेवरून उठायचं नाही.

त्या मोठ्याचं नाव इथे कोणी घेत नाही.
पूर्वी बायका नवऱ्याचं घेत नसत, तसं.
'त्यांच्याकडे' म्हणतात. 'तिकडे' म्हणतात.
तिकडे तुम्ही अर्धा शब्द लिहिता
आणि उरलेला अर्धा ते तुमच्या तोंडात घालतात,
पंगतीत मामीने जिलबी कोंबावी तसा.
गोड असतो. नाही कसं म्हणणार.

आमच्याकडे काय आहे?
एक कोटी वीस लाख पानं, निम्मी आरत्यांची,
मुकादमने उसनी आणलेली दोन यंत्रं,
डाबरेच्या बायकोचं सोनं (हे मला माहीत नाही असं त्याला वाटतं)
आणि मी,
रोज दोनशे प्रश्नांपुढे बरोबर-चूक करणारी.

दातदुखी लवंग की लवंगेचं तेल
वडिलांचं नाव नसेल तर शाळा घेते का
पागडीची खोली भाऊ सही देत नाही
माणूस झोपेत का हसतो

जे आईला सांगत नाहीत, पोलिसाला तर नाहीच,
ते रिकाम्या चौकटीला सांगतात.
शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा देत नाहीत.

पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त काय शोधलं गेलं
ते मुकादमने फळ्यावर लिहिलं नाही.
मला हळूच दाखवलं.
त्याचंच नाव.
हजारातल्या चारशेंनी आमच्या दारात येऊन
त्याचं घर विचारलं होतं
आणि आम्ही पत्ता दिला होता, पहिल्याच ओळीत.
मी पुढे बरोबरची खूण केली.
बरोबरच होतं ते.

परवा सगळे जेवायला उतरले
तेव्हा मी आईचा एक शब्द लिहिला. वायंगण.
उन्हाळ्यातला भात, विहिरीच्या पाण्यावरचा.
आधी तिकडे लिहिला, खोटं कशाला बोलू.
तुम्हाला 'वांगणी' म्हणायचं होतं का, त्यांनी विचारलं
आणि मी उत्तर देण्याआधीच
बदलापूरच्या पुढचे फ्लॅट दाखवले,
स्टेशनपासून सात मिनिटं.

मग आमच्यात लिहिला.
बराच वेळ काही नाही. खाली खळीचा वास.
मग एक पान. एकच. चित्र नाही, रंग नाही,
कुणा निवृत्त मास्तरांनी एका बोटाने टाइप केलेलं,
की रहाट बैलाने नव्हे, पायाने फिरवायचो,
की पोरींना सुगीत शाळा नसायची.
आई याच सुगीत चौथीतून सुटली होती.

मी डाबरेला सांगितलं. तो हसला.
ताई, आपल्या यंत्राला अजून दुरुस्त करण्याइतकी अक्कल नाही,
म्हणून सापडलं.
पुढच्या महिन्यात तीही येतेय. आली पाहिजे,
लोक फार चुकीचं लिहितात.

खरं आहे. लिहितात.
मी म्हटलं, एवढा एक शब्द सोड.
कोणता?
पोत्यातलं एक कोरं कार्ड होतं पर्समध्ये,
त्यावर लिहून दिला, वाचनालयातल्या अक्षरात.
त्याने तो उजेडात धरला,
विमान जाईपर्यंत थांबला,
आणि विचारलं,
शुद्धलेखन बरोबर आहे ना, ताई?