शाळेचा वाटा

जनरल रजिस्टर, खंड पहिला.
वाळवीने पुठ्ठा खाल्ला, तेव्हापासून
जुन्या शिडाच्या कापडात बांधून ठेवतो.
पहिलं नाव रवळू सगुण टाकेकर, जन्म एक जून.
दुसरं सांतान फर्नांडिस, एक जून.
तिसरं, चौथं, एकोणिसावं, एक जून.
वारखंडकर सर आयांना विचारायचे, कधीचा हा?
आया सांगायच्या,
खडपावर गलबत फुटलं ना, त्याच्या दुसऱ्या वर्षाचा.
सर हसायचे नाहीत. टाक बुडवून लिहायचे: एक जून.
त्याच गलबताची घंटा आमच्या व्हरांड्यात आहे.
दमट दिवसांत तिचा आवाज बसतो.

त्याआधी हरमलच्या पोराने शिकायचं
म्हणजे तेरेखोल उतरून शिरोडं,
चौकीवर पाखल्याला पिशवी उघडून दाखवायची:
पाटी, भाकरी, सुका बांगडा.
पाखले गेले.
पुढच्या हंगामात रांपणकार वाळूत बसले वाटे घालायला.
एक देवाचा, एक खुरसाचा, एक जाळ्याचा, एक विधवांचा,
आणि कायतान तांडेल म्हणाला, एक शाळेचा घाला.
कुणीतरी विचारलं, शाळा मासे खाते काय?
तो म्हणाला, चिरे खाते.

सात खोल्यांना अकरा वर्षं लागली.
दहावीचा वर्ग बांगड्यांचा,
हेडमास्तरांची खोली तारल्यांची,
प्रयोगशाळा एकाच पहाटे जाळ्यात आलेल्या इसवणांची.
मुतारी तेवढी सरकारी अनुदानाची. ती अजून गळते.

किनाऱ्यावरून हाक आली की भूगोल थांबायचा.
सर धोतर खोचून दोराला, मागे आम्ही.
परत यायचो ते ओलेच,
बाकांवर खवले वाळून चिकटायचे,
कर्कटकाने खरवडून काढायचो.
इन्स्पेक्टरने शेरा लिहिला: वर्गास वास येतो.
सरांनी तो काचेत घालून भिंतीवर लावला.

माझा नंबर तीनशे चौदा.
इथेच शिकलो, गणितात इथेच नापास, इथेच कारकून.
शाळा सोडल्याचे कारण, या रकान्यात माझ्या हाताने लिहिलंय:
बोटीवर.
बाप बुडाला.
ट्रॉलर आले, रांपण मोडली. (हे हेडमास्तरांनी खोडायला लावलं,
म्हणाले, कारण एका मुलाचं लिहा, गावाचं नको.)
घर हॉटेलला दिले.
पोर्तुगाल. पोर्तुगाल. पोर्तुगाल.
आणि खंड पहिला, पान नऊ, माझ्या आधीच्या अक्षरात,
नुसतं: मुलगी आहे.

परवा ती मुलगी आली.
किटेरी, सत्तरीच्या पुढे, पायांत रबरी चपला,
हाताला धरून तिच्या शॅकवरच्या आचाऱ्याची पोर.
आचारी नेपाळचा, तवा सोडून येता येत नाही.
पाचवीत घाल म्हणाली.
सहीच्या जागी मी शाईचं पॅड सरकवलं.
तिने ते परत सरकवलं.
"म्हाका सही येता. चार म्हयने शिकलां न्ही हांव?"
आणि लिहिलं, जीभ दातांत धरून,
पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला.
पान नऊ मी काढलं नाही. कपाटाची किल्ली खिशात होती.

पोरीची जन्मतारीख?
कागद गावी राहिला. किटेरी म्हणाली,
त्यांचेकडेन धरणी हालली, त्या वर्साची.
कॉम्प्युटर असलं काही घेत नाही, तो दाखला मागतो.
मी फॉर्मवर पेन्सिलीने लिहिलं. काय लिहिलं ते
या गावात कुणालाही सांगायची गरज नाही.

तोवर पोर भिंतीशी उभी.
लिपी तिला येत होती, तिच्याकडचीच ती.
बोट काचेवर फिरवत एकेक अक्षर लावलं:
व-र्गा-स वा-स ये-तो.
म्हणजे काय, तिने किटेरीला विचारलं.
किटेरीने मान वर केली, खोलीभर नाक फिरवलं,
लांब श्वास घेतला, धरून ठेवला,
सोडला.
"येना गो," ती म्हणाली. "आतां येना."