कलम एकोणीस, पोटकलम तीन

वाल्पराइसोच्या संसदेत, सातव्या मजल्यावर
मी कायद्यांची भाषा नीट करतो.
म्हणजे स्वल्पविराम हलवतो.
खाली बंदरात क्रेन कंटेनर हलवतात.
फार फरक नाही.

त्या मार्चमध्ये प्रसारणाचं विधेयक आलं.
मसुद्यात होतं:
केबल कंपन्यांना स्थानिक वाहिन्या दाखवता येतील.
येतील.
हा शब्द माझ्या चांगला ओळखीचा.
माझा भाऊ उसन्या पैशांबद्दल
नेमका हाच वापरतो.

साक्षीला आली एडेल्मिरा कोलिवोरो,
केनुइर बेटाच्या चॅनेल सहाची संचालक,
निवेदकही तीच, सोमवारी झाडूही तिचाच.
एक फेरीबोट, मग रात्रभर बस,
अंगात घरच्या लोकरीचा स्वेटर,
बाह्यांना सुकत्या माशांचा वास,
कारण स्टेशन मासळीच्या गोदामावर आहे.
पन्नास वॅटचा ट्रान्समीटर.
"पिल्लांना ऊब द्यायला आम्ही बल्ब लावतो ना," ती म्हणाली,
"तो शंभराचा असतो."
अँटेना जाळ्याच्या दोरीनं बांधलेली,
खारा वारा वर्षाला एक स्क्रू खातो.

एका सदस्यानं चष्म्यावरून विचारलं:
प्रेक्षक किती?
नऊशे अकरा.
नऊशे अकरा हजार?
नाही. नऊशे अकरा.
मंगळवारी एक जन्मलं, ते अजून बघत नाही.

कुणीतरी हसलं. ती थांबली, हसू संपेपर्यंत.

मग म्हणाली, गेल्या उन्हाळ्यात समुद्र तांबडा झाला.
शिंपल्यांत विष.
राजधानीच्या बातम्यांत आठ सेकंद:
'दक्षिणेत सावध राहावं.'
दक्षिण केवढी आहे, साहेब?
मी कॅमेऱ्यासमोर बसले आणि जागा वाचल्या.
चॅपलमागचे खाऊ नका.
जुन्या धक्क्याखालचे खाऊ नका.
इरिनेओ, काल तू टोपली भरलीस,
मी खिडकीतून पाहिलं,
पुरून टाक, कुत्र्यालाही देऊ नकोस.

इरिनेओ जिवंत आहे.
जाहिरातीचे पैसे अजून देत नाही,
पण जिवंत आहे.

त्या रात्री मी मसुदा उघडला.
आमच्यासारख्यांना मत नसतं,
फक्त समासात पेन्सिल असते.
'दाखवता येतील'च्या शेजारी बारीक लिहिलं:
'दाखवाव्या लागतील'.
त्याखाली आणखी एक ओळ,
की यांच्या लहरी लिलावात
यांच्या पायाखालून काढून घेऊ नयेत.
आणि पेन्सिल खिशात टाकून
ट्रॉलीबसनं घरी गेलो, चोरासारखा.

कंपनीचे वकील तीन आठवडे भांडले.
शेवटी लागतील राहिलं,
पण त्याला शेपूट जोडलं गेलं:
'तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तेथे.'
लिलावाची ओळ
एका छापील प्रतीत होती, पुढच्या प्रतीत नव्हती.
कुणी काढली, विचारलं नाही.
मध्यरात्रीला पंधरा मिनिटं असताना हात वर झाले.
गॅलरीत कुणी नव्हतं.
तिची बस दुपारीच सुटली होती.

जुलैत रजा काढून मी केनुइरला गेलो.
कुणाला सांगितलं नाही मी कोण ते.
खानावळीत बाई बटाट्याचं कालवण वाढत होती,
कोपऱ्यातल्या टीव्हीवर चॅनेल सहा.
हरवलेला डाव्या हाताचा एक मोजा.
उद्याच्या भरतीच्या वेळा.
तेओलिंदाबाईंच्या दफनविधीची वेळ,
आणि येताना खुर्ची आणावी, ही विनंती.
मग एडेल्मिरा म्हणाली, "मी जेवून येते,"
कॅमेरा खिडकीकडे वळवला
आणि गेली.

पडद्यावर रिकामा धक्का.
पाऊस, एक होडी,
दोराएवढीच पुढे जाणारी, दोराएवढीच मागे येणारी.
पाच मिनिटं. वीस मिनिटं.
सात माणसं जेवत होती, अधूनमधून वर बघत होती.
रिमोट मीठदाणीशेजारी पडलेला.

एक म्हातारा एकदम म्हणाला,
"आबेलार्दोची होडी अजून आली नाही."
दुसऱ्यानं चमचा ठेवला,
जॅकेट घेतलं
आणि दार उघडून बाहेर गेला.

थोड्या वेळानं तो पडद्यावर दिसला,
पाठमोरा, धक्क्याच्या टोकाला, समुद्राकडे बघत.