झडती

अप्पा नोटांच्या प्रेसमध्ये होते, नाशिकरोडला.
तेहतीस वर्षं.
भोंगा झाला की सायकल,
आणि सुटताना गेटवर झडती:
डबा उघडा, चपला झटका, खिसे उलटे.
दिवसभर दुसऱ्यांच्या खिशांसाठी छापून
हा माणूस स्वतःचे रिकामे खिसे
रोज कुणाला तरी दाखवून घरी यायचा.

गुरुवारी मात्र घरी नाही.
गुरुवारी शरणपूरला, याकोब पंडितांकडे.
ते पेट्या दुरुस्त करायचे,
एकेक सूर कानसून, ऐकून, पुन्हा कानसून.
अप्पांना सा आणि रे यांतला फरक कळत नसे.
ते फक्त भाता हलवत.
तीन-तीन तास.

ओव्हरटाइम नेमका गुरुवारी दुप्पट.
आई म्हणायची, माझा वरचा मजला
त्या भात्यातून उडून गेला.
खोटं नाही. स्लॅबवरच्या सळया
अजून तशाच उभ्या, गंजलेल्या;
आई त्यांना दोरी बांधून चादरी वाळवते.

मावसभाऊ हर्षल जहाजावर होता.
हैतीच्या बंदरात तापानं फणफणला,
एका बाईनं चार दिवस घरात ठेवला,
भोपळ्याचं सूप पाजलं,
शेजारणी पाळीपाळीनं उशाशी.
निघताना यानं पैसे काढले तर बाई रागावली.
त्याला कळलं ते असं:
पैसे दिलेस तर फिटेल,
मग मी तुला कशाला आठवेन?

तिथली एक नोट त्यानं अप्पांना आणली.
अप्पांनी सवयीनं उजेडावर धरली,
कडा चाचपल्या, शाई बघितली.
कागद बरा आहे, म्हणाले.
मग जेवताना तीनदा विचारलं,
ती बाई आजारी पडली तर
तिच्या उशाशी कोण बसतं रे?

याकोबकाका नाताळाच्या आधी गेले.
शेवटचे सतरा दिवस अप्पा तिथंच,
खाटेजवळच्या स्टुलावर,
त्यांची छाती वरखाली होताना बघत.
मी डबा घेऊन गेले तेव्हा हळूच म्हणाले,
भाता फाटलाय गं.

परवा मी हिशेब मांडला.
तेहतीस वर्षांचे गुरुवार, दुप्पट दरानं.
कागद अप्पांसमोर ठेवला.
त्यांनी शून्यं दोनदा मोजली,
एवढे? म्हणाले,
आणि बोनस लागल्यासारखे खूश होऊन
आईला दाखवायला गच्चीवर गेले.

आईनं कागद वाचला.
म्हणाली, दोरी सैल झालीय,
जरा ताणून द्या.