मिरीच्या तोंडात काय काय जातं

पंजे चाटून चाटून तिनं तांबडे केले होते,
गंज चढल्यासारखे, बोटांच्या बेचक्यांत.
कानांना आंबलेल्या पिठाचा वास.
रात्री जिन्यावर खाजवायची,
मागचा पाय फरशीवर ठक ठक ठक,
जणू कुणी दार वाजवतंय
आणि वरही कुणी उठत नाही, खालीही नाही.

लोकमान्य नगरातलं आमचं घर दुमजली.
वर दादा-वहिनी, खाली मी.
मधे सतरा पायऱ्या आणि चार वर्षं,
नर्मदेच्या नळाला कुणाची मोटर आधी, यावरून.
पाणी एक दिवसाआड येतं.
बोलणं तेवढंही नाही.
मिरी मात्र दोन्हीकडची.

बघेल डॉक्टर महूला शिकलेले. तिचा कान उलटा करून म्हणाले,
पिसवा नाहीत. खाण्याचं असेल,
नाहीतर अंगाला जे लागतं त्याचं.
दिवसभरात हिच्या तोंडात जे जे जातं ते लिहून आणा.
चाटलेलंसुद्धा.

मी माझं लिहिलं:
पोळी, तुपाचा हात फिरवून.
दुपारी दहीभात.
चहात बुडवलेला टोस्ट, निम्मा.
वरचं मला काय माहीत?
कागद आठव्या पायरीवर ठेवला, पेन्सिलीसकट,
उडू नये म्हणून वर बत्ता.

सकाळी त्यावर दादाचं तिरकं अक्षर:
लवंग सेव, मूठभर. (मला वाटलंच होतं.)
भाजलेले शेंगदाणे.
रविवारी अंडं.
मग वहिनीचं, गोल गोल:
ताटली प्लास्टिकची आहे.
गच्ची फिनाइलनं पुसते, ओली असतानाच लोळते.
आणि सगळ्यात खाली, पुन्हा तिरकं:
रात्री झोप येत नाही तेव्हा ग्लुकोज बिस्किट.
झोप कुणाला, ते लिहिलेलं नव्हतं.

आठ आठवडे एकच अन्न, डॉक्टर म्हणाले,
आयुष्यात कधी न खाल्लेलं.
आमच्या घरात ते सोपं होतं: मटण.
मटण आणि रताळं. मीठसुद्धा नाही.
एकानं जरी चोरून घास दिला
तर पहिल्यापासून मोजायचं.

मी वेगळा कुकर आणला, दीड लिटरचा,
मागच्या ओट्यावर गॅस मांडला.
पहिली शिट्टी झाली आणि दादा उतरला,
अर्ध्या जिन्यापर्यंत.
"हळद घातलीस का? घालायची नाही."
जन्मभर हेच करत आल्यासारखा.
मी म्हटलं, नाही घातली.
चार वर्षांत एवढंच.

वहिनीनं प्लास्टिक फेकून स्टीलची वाटी काढली,
तिचं माहेरचं नाव कोरलेली. कु. शालिनी रा. बिडवे.
हनुवटीवरचे फोड पंधरवड्यात गेले.
बाकीचं खाजवणं चालूच.
सहाव्या आठवड्यात एका रात्री मला जाग आली,
कशानं ते आधी कळलं नाही.
मग कळलं: ठक ठक नव्हती.

आता एकेक परत द्यायचं.
एका वेळी एकच, आणि दोन आठवडे थांबायचं.
घाई केलीत तर कळणार नाही, काय सोसतं आणि काय नाही.

आधी बेसन, माझ्याच हट्टानं.
मला खात्री होती. सेवच. वरचीच.
काही झालं नाही.
अंडं: काही नाही.
पोळी: काही नाही, उलट शेपटी हलवून आणखी मागितली.
मग दही.
मी घरी विरजलेलं, तीन वर्षं रोज दुपारी
माझ्या हातानं कालवलेलं.
तिसऱ्या रात्री, ठक ठक ठक.

मी बराच वेळ अंधारात बसून ऐकलं.
मग दिवा लावला, कागद काढला, लिहिलं:
दही. होय.
आणखी काही लिहावंसं वाटत होतं.
तसाच नेऊन ठेवला आठव्या पायरीवर.

सकाळी खाली तिरकं अक्षर:
उरलंय का? कढी कर.
गूळ जरा जास्त घाल, तुला आठवत असेल.

त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती.
रवी घेऊन मी दारातच बसले.
मिरी जिन्यात मधोमध,
एक पंजा चाटत,
एकदा वर बघत, एकदा खाली.